"गोष्टीतला ससा खरा बोलत नाय"

"मॅडम, सगळ्यांची पोरं गोष्टीची पुस्तकं वाचतात, हा हातसुद्धा लावत नाय, पुढे कसं व्हायचं ह्याचं?" जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराजवळच्या एका आईने बसल्या बसल्या हेच विचारलं. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, वडील बोटीवर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बाकीचं बघून घेतलं. डोळे तपासलेले, अक्षरं ओळखतो, जोडाक्षराला अडतो पण ते त्या वयात चालायचंच. अक्षरांचीच सारखी गडबड होत असती तर मी आधी तपासणीला पाठवलं असतं, नुसती पुस्तकं बदलून भागलं नसतं. मग त्याला विचारलं, बंदरावर काय काय वाचतोस? तर बोटींची नावं, नंबर, बर्फाच्या गाडीवर काय लिहिलंय, सगळं धडाधड सांगितलं. आणि हळूच म्हणाला, "गोष्टीतला ससा बोलतो. खरा बोलत नाय."

म्हणजे पोराला वाचायचा कंटाळा नव्हताच, त्याला खरं काय ते हवं होतं आणि आपण मात्र वाचन म्हणजे गोष्ट असंच धरून चालतो, माहितीचं पुस्तक म्हणजे अभ्यास आणि चित्रांचं पुस्तक म्हणजे बालवाडीचं. मला हे अजिबात पटत नाही. खेकडा, भरती-ओहोटी, होडी कशी बांधतात, अशी मोठ्या चित्रांची आणि पानावर दोन-तीन ओळींची पुस्तकं आठ वर्षांच्या मुलालाच काय दहा वर्षांच्यालाही द्यावीत, कारण शब्द अडला तरी चित्र बघून तो पुढे जातो, पुस्तक टाकून देत नाही.

मी त्यांना समुद्री कासवाचं एक पुस्तक दिलं. अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात हे त्याने ऐकलेलं, पण एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं निघायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात हे त्यात वाचलं आणि कॅलेंडरवर खुणाच करत बसला. मार्चमध्ये आई त्याला पिल्लं सोडताना बघायला घेऊन गेली. येऊन तेच पुस्तक परत वाचलं, कोणी न सांगता.

सोबत कवितांचं चित्रपुस्तकही दिलं होतं. आई म्हणाली, "ज्याला गोष्ट नको त्याला कविता कशी चालेल?" चालते हो! कवितेत ससा बोलला तरी मुलं भांडत नाहीत, त्यांना ठेका हवा असतो. आठ ओळी, एका बैठकीत संपतात, आणि कमी वेळात पूर्ण वाचलं याचा आनंद अशा मुलांना फार मोठा असतो. फक्त ती मोठ्याने वाचायची, रोज एक, आणि नंतर "अर्थ सांग" म्हणायचं नाही. सिंधुदुर्गात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी भरपूर कविता लिहिल्यात, तिथून सुरुवात करा म्हटलं. पंधरा दिवसांनी आईचा फोन, "तो वाचत नाय, पाठ झालंय म्हणून बोट फिरवतो फक्त." फिरवू दे ना. पाठ असलेल्या ओळीखाली बोट फिरवतानाच शब्द डोळ्यांच्या ओळखीचे होतात.

पैशांचाही प्रश्न होता. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, आणि प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट 2015 पासून आहे, तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. फोनवर वाचायचं असेल तर शेजारी बसून, फोन हातात देऊन उठून जायचं नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, वडील घरी. जाळी विणताना हा त्यांना वाचून दाखवायला लागला आणि ते मध्येच थांबवून बोटीवरचं काहीतरी सांगायचे. ऑगस्टमध्ये आई परत आली तेव्हा वाचनाबद्दल काही बोललीच नाही. वाळू जास्त गरम असली की कासवाच्या माद्या जास्त निघतात असं पुस्तकात आहे, तर पोराला आता घरासमोरची वाळू मोजायचीय, वाळूत खुपसायचा थर्मामीटर दापोलीत कुठे मिळेल, हे विचारायला आली होती.