छापखान्याचा दोष आणि हाताळणीचा दोष

प्रश्न : वडिलांनी १९७०च्या दशकात घेतलेला एक दिवाळी अंक माझ्याकडे आहे. पानं स्वच्छ आहेत, पण मुखपृष्ठ तिरकं बसलंय, मलपृष्ठाची निळी पट्टी पुढे डोकावते आणि एक पिन घडीच्या बाहेर आहे. फोर्टमधला एक विक्रेता ‘डिफेक्टिव्ह पीस’ म्हणून निम्मे पैसे देतोय. कडा कापून सरळ करून देतो, असंही म्हणाला. काय करू?
– एक वाचक, माहीम

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, कडा कापू देऊ नका. कापलेला अंक मूळ मापाचा राहत नाही आणि जाणकार पट्टी लावून ते लगेच ओळखतो. अमेरिकेतली सीजीसी ही संस्था कॉमिक्स आणि मासिकांना ०.५ ते १० गुण देते. तिच्याकडेही असा अंक ‘रिस्टोअर्ड’, म्हणजे मागाहून हात फिरवलेला, म्हणून जांभळ्या लेबलात जातो.

गिरगावात बायंडिंगच्या टेबलापाशी माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो. असे अंक बांधताना फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले ताव, एकात एक घालायचे, वरून मुखपृष्ठ, मग घडीवर पिना, आणि शेवटी तीन बाजूंनी कटिंग. मुखपृष्ठाची घडी जराशी सरकली की मागचा रंग पुढे येतो. दिवाळीच्या घाईत हे व्हायचंच. हा छापखान्याचा दोष. गुण देताना तो धरला जातो, पण मुख्यतः वरच्या गुणांना. सीजीसीच्या मापात १०ला कुठलाच दोष चालत नाही, ९.९ला निर्मितीतला अगदी किरकोळ दोष चालतो, हाताळणीचा मात्र नाही, ९.८ला दोन्ही नगण्य असले तर चालतात. पन्नास वर्षं घरात राहिलेल्या अंकाला तसंही इतके गुण मिळणं अवघड. मग सरकलेल्या घडीसाठी किंमत निम्मी करणं मला अन्यायाचं वाटतं.

उलट पिनेला गंज आहे का, ते बघा. मुंबईच्या पावसाळी हवेत गंज चढतो, कागदात उतरतो, आणि तो दोष छापखान्यावर ढकलता येत नाही. मुखपृष्ठावर सुरकुती असेल तर ती हलकेच उघडून भिंगाखाली धरा. आत स्वच्छ कडांची पांढरी रेघ दिसली, तर कागद छपाईआधीच दुमडलेला होता. शाई तडकून उडाली असेल, तर घडी नंतर पडली.

‘आवाज’ या दिवाळी अंकाने लोकप्रिय केलेल्या खिडकीचित्रांचे, म्हणजे कापलेली झडप उघडली की आतलं चित्र दिसतं तसे, अंक असले की मी खिडक्याही तपासतो. काप चित्राच्या जागेवर नसेल तर चूक कटिंगची, झडप फाटली असेल तर वाचणाऱ्याची.

प्रश्न : माझ्या अंकात एक सोळा पानी फर्मा दोनदा लागलाय आणि पुढचा नाहीच. चूक छापखान्याची, मग गुण का कमी?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : कारण अंक अपुरा आहे. तिरक्या मुखपृष्ठाने मजकूर जात नाही, इथे सोळा पानांचा मजकूर गेलाय. अशा वेळी चूक कोणाची हे बघत नाहीत. दुसऱ्या प्रतीतली पानं काढून यात बसवू नका. विकताना कोणती पानं नाहीत ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. अंकावर पेन्सिलीनेही लिहू नका.