देशाच्या सुरक्षेसाठी आपण थोडे हक्क सोडले तर काय बिघडतं?

मी बोरिवलीचा, आणि खरं सांगू, एकेकाळी मलाही असंच वाटायचं. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत वेस्टर्नच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात. मी वांद्र्याहून एसव्ही रोडने चालत निघालो, फोन लागत नव्हते, लोक रस्त्यावर पाणी-बिस्किटं वाटत होते आणि माझ्या डोक्यात एकच, पकडा आणि लटकवा, कायदाबियदा नंतर बघू.

पुढे पकडलेल्यांवर मकोका लागला, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कडक कायदा. साध्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत, मकोकात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली चालते, म्हणजे तुम्ही म्हणता तसा 'थोडा' हक्क सोडलेलाच होता. २०१५ ला स्पेशल कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं, ५ जणांना फाशी. आणि जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ते सगळेच्या सगळे सोडले, त्यातला एक तर २०२१ मध्येच जेलमध्ये वारला होता. कोर्ट म्हणालं कबुलीजबाब छळ करून घेतलेले, त्यातला बराच मजकूर एकसारखा, साक्षीला आलेले टॅक्सीवाले शंभर दिवसांनंतर आरोपींचे चेहरे ओळखतायत, आणि बॉम्ब कुठल्या प्रकारचा होता हेसुद्धा सिद्ध करता आलं नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. सुप्रीम कोर्टाने या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये द्यायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

अंतिम निकाल लागेल तो लागेल, पण १८० हून जास्त माणसं गेली आणि १९ वर्षांनी त्यांच्या घरच्यांच्या हातात काय आलं? ही माणसं खरंच निर्दोष असतील तर ज्यांनी बॉम्ब ठेवले ते इतकी वर्षं मोकळे फिरतायत, मला याचीच जास्त भीती वाटते. मारून घेतलेल्या कबुलीने केस बंद झाल्यासारखी दिसते आणि खऱ्या माणसाला शोधायचं राहूनच जातं.

युएपीए या दहशतवादविरोधी केंद्रीय कायद्याचंही तेच, चार्जशीटशिवाय १८० दिवसांपर्यंत आत ठेवता येतं आणि जामीन मिळणं महाकठीण.

स्टेशनवर बॅग तपासतात, मी मुकाट उघडून दाखवतो, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण अटकेचं कारण लेखी देणं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं, वकील, आणि चौकशीच्या खोलीत कॅमेरा (हा तर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेच लावायला सांगितलाय), यातलं मी एकही सोडणार नाही. तुम्ही यातलं नेमकं कुठलं सोडायला तयार आहात ते सांगा, मग पुढे बोलू.