एफपीजीएच्या कंपायलरमध्ये करिअर: व्हेरिलॉग टाळता येईल का?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी प्लस प्लस आणि पायथन चांगलं जमतं, कंपायलर हा विषय फार आवडला. एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट नंतर हवं तसं बदलता येणारी चिप, तिच्यासाठीच्या भाषा आणि कंपायलर यांत काम करायची इच्छा आहे. हाय-लेव्हल सिंथेसिसमुळे सी प्लस प्लसमधूनच हार्डवेअर तयार होतं, मग व्हेरिलॉग ही सर्किटचं वर्णन करणारी भाषा कशाला शिकू? इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नाही, त्यामुळे अडेल का?

उत्तर: पदवीवाचून अडणार नाही. लिहिलेल्या ओळीचं सर्किट कसं होईल हे समजलं नाही, तर मात्र पावलोपावली अडेल. म्हणून व्हेरिलॉग शिकच.

समज, लूपच्या प्रत्येक फेरीत ॲरेमध्ये एक घर पुढे सरकत सलग चार आकड्यांची बेरीज करायची आहे. तू पाइपलाइनचा प्रॅग्मा, म्हणजे आधीची फेरी संपण्याआधीच पुढची सुरू करण्याची टूलला सूचना, दिलास, दर क्लॉकला नवी फेरी सुरू व्हावी म्हणून. टूल सांगतं, दोन क्लॉकला एक. कारण ॲरे ब्लॉक रॅममध्ये, म्हणजे चिपमधल्या तयार मेमरीत, गेला आणि तिला पोर्ट (वाचण्या-लिहिण्याच्या वाटा) दोनच. चार वाचनांना दोन क्लॉक लागणारच. सम आणि विषम घरं दोन वेगळ्या रॅममध्ये ठेवली की हे सुटतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे आधीचे तीन आकडे रजिस्टरमध्ये धरून फक्त एकच नवा वाचायचा. हा दुसरा उपाय कंपायलरला आपणहून सुचावा कसा, हाच तुझ्या आवडीच्या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे, आणि सर्किट न कळणाऱ्याला तो प्रश्न दिसतसुद्धा नाही.

सुरुवातीला बोर्ड विकत घेऊ नकोस. काउंटर, यूएआरटी ट्रान्समीटर (एका तारेवरून एकेक बिट पाठवणारा), फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग) एवढं व्हेरिलॉगमध्ये लिही, व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर तपास आणि जीटीकेवेव्हमध्ये सिग्नल बघ. मग योसिस या टूलने आइस४० या एफपीजीएसाठी सिंथेसिस कर, म्हणजे कोडचं सर्किट बनव, आणि किती लुकअप टेबल (लॉजिकचे ठोकळे), किती फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरणारे घटक) लागले ते दर बदलानंतर लिहून ठेव. कॉम्बिनेशनल, म्हणजे काहीही लक्षात न ठेवणाऱ्या, ब्लॉकमध्ये एखादा ‘एल्स’ राहिला की जुनी किंमत धरून ठेवणारा, नको असलेला लॅच तयार होतो. व्हेरिलॉगमधला ‘फॉर’ वेळ घेत नाही, तो हार्डवेअरच्या प्रती काढतो. सॉफ्टवेअरकडून येणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथे होते.

पुढे सर्किट चिपवर बसवून जोडणारं नेक्स्टपीएनआर हे टूल चालव, टायमिंग रिपोर्ट बोर्डाशिवायही मिळतो. १०० मेगाहर्ट्झ हवे असतील तर सिग्नलची सर्वांत लांब वाट १० नॅनोसेकंदांत बसायला हवी. ती १२.५ असेल तर ८० मेगाहर्ट्झवर थांबावं लागेल. वाटेत रजिस्टर घातलं की वेग वाढतो, पण उत्तर एक क्लॉक उशिरा येतं. उत्तर तयार आहे हे सांगणारा सोबतचा ‘व्हॅलिड’ सिग्नलही तेवढाच लांबवायचा असतो. ते राहून गेलं तर डिझाइन टायमिंगमध्ये पास होतं आणि उत्तरं चुकीची देतं.

यानंतर नवी भाषा एकच घे. ब्लूस्पेक, हॅस्केलवर आधारलेली क्लॅश, पायथनमधली अमारान्थ, सगळ्या अभ्यासण्यासारख्या आहेत. पण तुझा कल कंपायलरकडे आहे, म्हणून मी चिझल सुचवेन. ती बर्कलीत तयार झाली, स्कालात लिहायची असते, आणि तिचं एफआयआरआरटीएल हे मधलं रूप आता एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या सर्किट (CIRCT) या उपप्रकल्पातून व्हेरिलॉगपर्यंत जातं. हा प्रकल्प एमएलआयआर या कंपायलर बांधण्याच्या चौकटीवर उभा आहे आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, म्हणजे तुझी आजची तयारी तिथे थेट कामी येईल. आधी त्याच्या चाचण्या वाच. कोणता पास (कंपायलरची कोडवरची एक फेरी) काय बदलतो हे तिथे आधीचा आणि नंतरचा कोड शेजारी ठेवून कळतं.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते. एफपीजीए डिझाइन आणि व्हेरिफिकेशनमध्ये (डिझाइन बरोबर आहे का हे तपासण्यात) जागा तुलनेने जास्त आहेत. कंपायलरच्या जागा मोजक्या, मुख्यतः चिप आणि डिझाइन-टूल बनवणाऱ्या कंपन्यांत. तिथे पदव्युत्तर शिक्षण किंवा ओपन सोर्समधलं दाखवता येईल असं काम विचारलं जातं. दोन्ही दारं उघडी राहावीत म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असा निवड: बेरीज, गुणाकार आणि अटी एवढंच असलेली छोटी भाषा, आणि तिचं पाइपलाइन केलेलं व्हेरिलॉग काढणारा कंपायलर. तीच गणितं हातानेही व्हेरिलॉगमध्ये लिही आणि दोन्हींचे लुकअप टेबल, फ्लिप-फ्लॉप आणि कमाल वेग एकाच तक्त्यात मांड. कंपायलर जिथे मागे पडला त्या प्रत्येक ठिकाणचं कारण अहवालात यायला हवं.