विद्येच्या माहेरघरात पोरांच्या हातात कोयते कसे आले?

तुम्ही विचारलंय, पुण्यासारख्या शहरात सोळा-सतरा वर्षांची पोरं कोयते का काढतात, संस्कार कमी पडले का? मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय आणि सहा वर्षं येरवड्यातल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. संस्कारांचं कारण मला पटत नाही.

आमच्याकडे एक मुलगा यायचा. नववीत शाळा सुटलेली, पण अपूर्णांकांची गणितं तोंडी करायचा. आई पहाटे डबा करून शेजारच्या श्रीमंत कल्याणीनगरला चार घरची धुणीभांडी करायला जायची. एका मारामारीत याचं नाव आलं आणि पोलिसांनी त्याला वस्तीतून पायी फिरवलं. अल्पवयीन असूनही. लाज वाटावी म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मला म्हणाला, "सर, आता मला सगळे नावानं ओळखतात." पंधरा वर्षांत त्याला कुणी नावानं ओळखलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये हेच मांडलं होतं: समाज शिक्का मारतो आणि माणूस हळूहळू त्या शिक्क्यासारखाच वागू लागतो. 'कोयता गँग' हे नाव आपणच छापतो, आपणच फॉरवर्ड करतो. शिक्के मारण्याची आपली सवय जुनी आहे. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारध्याच्या पोराकडे आजही कसं बघतात ते बघा.

मुद्दा वस्तीचाही आहे. शिकागोत शॉ आणि मॅके या संशोधकांना दिसलं की स्थलांतरितांचे गट आले-गेले, पण पोरांचे गुन्हे त्याच भागांत टिकून राहिले. म्हणजे दोष रक्तात नव्हता. येरवडा आणि कल्याणीनगर एकमेकांना लागून आहेत. गाडी, मोबाइल, रुबाब सगळ्यांनाच हवा असतो, मिळवायचे रस्ते मात्र सगळ्यांना सारखे नसतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे 1938 मध्येच सांगितलंय.

अल्पवयातल्या गुन्ह्याचा डाग पुढे आड येऊ नये, अशी तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे, काही गंभीर प्रकरणं सोडली तर. हा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. दोन गॅरेजवाल्यांनी वस्तीचं नाव ऐकूनच नको म्हटलं. तिसऱ्यानं ठेवून घेतलंय.