मेंटेनन्सची नोकरी सोडू का? एका केसबद्दल

"मॅडम, मेंटेनन्समध्ये काही फ्युचर नाही, सोडून देऊ का?" नाशिकच्या सातपूर-अंबडकडची पोरं हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी इतक्यांदा घेऊन येतात की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. एकाची केस सांगते, त्याला विचारून, ओळख पटेल असं काही न ठेवता.

मेकॅनिकलवाला, तिशीच्या आतला, अंबड एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये (जिथे प्रेस मशीनने पत्र्याचे भाग दाबून बनवतात) मेंटेनन्स इंजिनिअर. राहायला पाथर्डी फाट्याला, कंपनी जवळच, आणि तेच मुळावर आलेलं, कारण रात्री प्रेस बंद पडली की जवळ राहतो म्हणून पहिला फोन यालाच. बायको सोबत आली होती. ती म्हणाली, "हे फोन छातीवर ठेवून झोपतात, आणि वाजला नाही तरी उठून बघतात." अंघोळ करतानाही याला रिंग ऐकू यायची. ओटी म्हणजे जादा कामाचे पैसे नाहीत, कंपऑफ म्हणजे बदली सुट्टी ती नुसती कागदावर, आणि एवढं करून सकाळच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनवाले म्हणणार की मेंटेनन्समुळे टार्गेट गेलं. मग माणूस आयटीचे कोर्स शोधत बसतो यात नवल काय.

निघता निघता त्याने खरी गोष्ट सांगितली. पहाटे हायड्रोलिक प्रेसचं सील बदलत होता, काम संपल्यावर रुमाल काढायला खिशात हात घातला तर आयसोलेटरला, म्हणजे मशीनची वीज तोडणाऱ्या मेन स्विचला, दुरुस्ती करताना लावायचं कुलूप खिशातच! म्हणजे तेवढा वेळ कुणीही मेन चालू करू शकलं असतं आणि याचे हात आत होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, सोडायचं की नाही ते नंतर, आधी झोप. फोन येणारच या तयारीत झोपलेल्या माणसाची झोप फोन न येताही उथळच राहते, आणि असल्या डोक्याने करिअरचे निर्णय घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात हा संध्याकाळनंतर चहावर चहा मारायचा, कॅफिनचा निम्मा असर उतरायलाच साधारण पाच तास लागतात. चहा दुपारपुरता ठेवला, फोन हॉलमध्ये ठेवला, रिंग मोठी करून. बंद कर म्हटलं असतं तर तो परत आलाच नसता. (झोप आठवडेच्या आठवडे अशीच उडालेली असेल किंवा मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र चहा कमी करून भागत नाही, डॉक्टरला दाखवा, आणि टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.)

मग त्याला ब्रेकडाऊन रजिस्टरमधले रात्रीचे कॉल वेगळे काढायला लावले. बरेचसे सेन्सर हलला, ऑइल गरम होऊन पॉवर पॅक (प्रेसला तेलाचा दाब देणारा पंप) ट्रिप झाला, असले निघाले, शिफ्टचा फिटर करू शकेल असे. मी विचारलं मग फिटर का करत नाही, तर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मॅडम, त्याला जमायला लागलं तर मला कोण विचारणार?"

खरा पेच इथे होता. मेंटेनन्समध्ये मशीन नीट चालली तर कुणाला दिसत नाही, मध्यरात्री धावत जाऊन चालू केली की साहेब पाठ थोपटतात, त्यामुळे ज्या फोनने झोप उडवली त्याच फोनवर याची किंमत ठरलेली. वर घरचं एक होतंच. वडील निफाडचे द्राक्षवाले, थंडी वाढली की रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवणारे, "बाबांनी कधी कुरकूर केली नाही." मी म्हटलं, अहो, ती कडाक्याच्या थंडीपुरती रात्रपाळी, आणि बाग स्वतःची! तुमची थंडी बारा महिने चाललीय.

तो रजिस्टरचा कागद घेऊन तो साहेबांकडे गेला. काय बोलायचं ते आम्ही इथे दोनदा बोलून बघितलं, पहिल्यांदा तर माफी मागितल्यासारखंच बोलत होता. मागितलं एवढंच की पहिला फोन फिटरला जावा आणि रात्रीचा कॉल दोघा इंजिनिअरमध्ये आलटून पालटून यावा. साहेबांनी पहिलं मान्य केलं, दुसरं अर्धंच, म्हणजे आठवड्यातून तीन रात्री दुसऱ्याकडे. फिटरला त्याने स्वतः शिकवलं, कुलपासकट.

फ्युचरचं विचाराल तर व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिसची, म्हणजे मशीनच्या कंपनांवरून बिघाड ओळखायची, सर्टिफिकेट आहेत, बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचतीच्या ब्युरोची) एनर्जी ऑडिटरची परीक्षा आहे, मेंटेनन्समधूनच तिकडे वाटा जातात. त्याने बीईईची पुस्तकं आणलीत. आयटीचा कोर्स सोडलाय असं काही नाही, ती टॅब अजून उघडी आहे म्हणे, पण त्याचं काय करायचं ते परीक्षेनंतर बघू असं आमचं ठरलंय.