नवी रोड बाइक घेतली आहे. पुण्यातल्या ग्रुपबरोबर पहिल्यांदा रविवारच्या राइडला जाताना काय माहीत असावं? आणि ते लोक बोलतात त्याचा अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की एकट्याने ३०-३५ किमी आरामात होतात, रविवारी जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरला जाणाऱ्या ग्रुपने बोलावलंय, आणि त्यांचे 'आरामात राइड', 'नो ड्रॉप', 'घाटाआधी कोणी ओढायचं नाही' असले मेसेज वाचून धाकधूक वाटतेय. एवढं अंतर होत असेल तर दम पुरेल, त्याची काळजी नको. ग्रुपमध्ये शिकायची गोष्ट वेगळी आहे: तुमची सायकल पुढच्या क्षणी कुठे असेल हे मागच्याला न विचारता कळलं पाहिजे. नियम, हाका आणि निम्मी चेष्टासुद्धा याच एका गरजेतून आलेली आहे.

आधी भाषा समजून घ्या. 'आरामात राइड' म्हणजे सपाटीवर गप्पा मारता येतील असा वेग, बहुतेक ग्रुपांत ताशी २२ ते २५. 'नो ड्रॉप' म्हणजे कोणाला मागे टाकून घरी जाणार नाहीत. प्रत्येक चढावर तुमच्या शेजारी राहतील, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून निघतानाच विचारा, 'परत एकत्र कुठे जमायचं?' कात्रजला ती जागा बहुधा घाटाच्या माथ्यावरच्या जुन्या बोगद्याच्या अलीकडे असते. 'ओढणं' म्हणजे सर्वांत पुढे राहून वारा अंगावर घेणं; 'घाटाआधी कोणी ओढायचं नाही' म्हणजे तोवर पुढे जाऊन कोणी वेग वाढवायचा नाही. 'चाक पकड' म्हणजे पुढच्याच्या मागे आडोशाला ये, आणि 'चाक सुटलं' म्हणजे मधलं अंतर वाढून आडोसा गेला. 'हाफ व्हील करू नको' असं कोणी म्हणालं तर चेष्टा समजू नका. जोडीने चालवताना तुमचं चाक सतत अर्धा हात पुढे राहतंय, त्यामुळे शेजारचा नकळत वेग वाढवतोय, अशी ती तक्रार असते. हँडलला हँडल जुळवून चला.

घाटाच्या पायथ्याशी कोणीतरी 'कालच लाँग राइड झाली, आज पायच नाहीत' म्हणेल. त्याच्या वेगावर आपला वेग ठरवू नका, बहुतेकदा वर तोच आधी पोचलेला असतो.

नवी सायकल दिसली की कोणीतरी ती दोन बोटांनी उचलून वजनाचा अंदाज सांगेल आणि लगेच हलक्या चाकांचा सल्ला देईल. तो ऐकण्याआधी हिशोब करा. तुम्ही, सायकल, पाणी मिळून ८० किलो असाल तर १ किलो म्हणजे सव्वा टक्का. पाऊण तासाच्या चढावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक पडतो. त्याच पैशात चांगले टायर आणि पॅड असलेली शॉर्ट घ्या, पहिल्या वर्षी त्याचाच जास्त उपयोग होईल. उजव्या पोटरीवर चेनचा काळा ठसा उमटला की नवशिका ओळखला जातो. थांबताना डावा पाय टेका, ठसा उमटत नाही. शिवाय आपल्याकडे रस्त्याची कडही डावीकडेच असते. मागचा रिफ्लेक्टर मात्र कोणी कितीही हसलं तरी काढू नका.

आता मुख्य काम, दुसऱ्याच्या मागे चालवणं. ताशी ३० च्या आसपास आडोशाला राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणूनच हा सगळा खटाटोप. पहिल्या दिवशी पुढच्यापासून एका सायकलीचं अंतर ठेवा, सवय झाली की मीटरभरावर या. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका. तो सहज खड्डा चुकवायला सरकला आणि चाकं भिडली, तर पुढचा सावरतो आणि मागचा पडतो. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. अंतर कमी होतंय असं वाटलं तर ब्रेक दाबण्याआधी पेडल थांबवा आणि पाठ सरळ करा. छातीवर वारा आला की वेग आपोआप उतरतो, मागच्यालाही धक्का बसत नाही.

उभं राहून पेडल मारायला उठताना सायकल वीतभर मागे येते, हे फारसं कोणी सांगत नाही. उठण्याच्या क्षणी पेडलवर जरा जोर वाढवा, म्हणजे मागच्याच्या चाकावर आदळणार नाही.

पुढे ओढायची पाळी आली की उत्साहात वेग वाढवू नका. आधीचा २४ ने ओढत होता तर तुम्हीही २४ नेच, आणि मिनिटभरात बाजूला झालात तरी कोणी नावं ठेवत नाही. कुठल्या बाजूने मागे यायचं हे प्रत्येक ग्रुपचं ठरलेलं असतं, ते आधीच विचारून घ्या. बाजूला होण्याआधी मागे वळून बघा, कोपराने खूण करा, मग हळूच सरका.

हाका पुढून मागे पोचवायच्या असतात. 'खड्डा', 'ब्रेकर', 'खडी', 'कुत्रा', 'स्लो' या पुढून येतात. 'गाडी मागे' ही शेवटून येते. ऐकली की तुम्हीही ओरडा, तुमच्या मागच्याला काहीच दिसत नसतं. खड्डा हाताने दाखवणं चांगलं, पण हात सोडून तोल जात असेल तर नुसतं ओरडा. हायवेवरच्या पांढऱ्या रंबलर पट्ट्यांवर बूड सीटवरून किंचित उचला, कोपरं सैल सोडा, अंगठा मात्र हँडलभोवती असू द्या. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधली लांब फट टाळा. ओलांडायचीच असेल तर तिरकी ओलांडा, समांतर गेलात तर अरुंद टायर आत अडकतो. पावसात रंगवलेल्या पट्ट्या आणि शेवाळलेली कड यांवर ना वळायचं, ना ब्रेक मारायचा.

चढाचं गिअर आधीच हलकं करा. तीव्र चढावर जोर लावत असताना पुढची मोठी चकती सोडायला गेलात तर चेन चकत्यांवरून आत निसटून उतरू शकते. उतरलीच तर हलकं पेडल मारत गिअर परत मोठ्या चकतीवर टाकून बघा, बऱ्याचदा न थांबता चढते. पुढे ३४ आणि मागे ३४ दाती असेल तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी साडेसातचा वेग पडतो. मागे २८ च असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना सव्वानऊचा वेग राखावा लागतो. कात्रजला ते जमून जाईल, सिंहगडाला गुडघे बोलू लागतील. म्हणून सिंहगडाचा बेत होण्याआधी मागच्या कॅसेटवरच्या (दातेरी चकत्यांच्या संचावरच्या) सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजून बघा.

बोगद्यात शिरण्याआधी काळा चष्मा काढा, पुढचे-मागचे दिवे लावा, एका ओळीत चला. आत कोणाला ओलांडायचं नाही. पलीकडच्या उतारावर आडोसा विसरा. तीन-चार सायकलींचं अंतर ठेवा, हात हँडलच्या खालच्या वाकवलेल्या भागावर, आणि ब्रेक वळणाच्या आधी.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. ७० किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या २८ मिमी टायरमध्ये मागे ७० आणि पुढे ६५ पीएसआय पुरते. २५ मिमीमध्ये ८५ आणि ८०. ८५-९० किलो वजन असेल तर दहाएक वाढवा. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काहीतरी टोचलंय. हायवेच्या कडेला बहुतेक वेळा ती ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक तार असते.

पंक्चर झालं की हात वर करा, 'पंक्चर' ओरडा, ब्रेक न मारता डावीकडे उतरा. सगळे थांबतील, दोघं मदतीला येतील, बाकीचे वेळ लावून कॉमेंट्री करतील. तुम्ही घाई करू नका. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान दात्यावर घ्या. डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नका, पॅड आत मिटतात. उरलेली हवा काढा, टायरच्या दोन्ही कडा चहूबाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, त्याने टायर सैल होतो आणि लिव्हरला (टायर काढायच्या पट्टीला) जोर लागत नाही. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा आणि तार काढा. ही पायरी गाळली की दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. टायरवरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर बसवत जा, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरवरची जागा लगेच सापडते.

नव्या ट्यूबमध्ये आकार धरण्यापुरती हवा भरून ती आत बसवा. टायरची कड चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा, आणि तो शेवटचा वीतभर भाग तळहाताने ढकला. लिव्हर वापरलात तर ट्यूब चिमटून पुन्हा पंक्चर. मग व्हॉल्व्ह आत दाबून सोडा, दोन्ही बाजूंनी कडेखाली ट्यूब डोकावत नाही ना बघा, आणि हवा भरा. १६ ग्रॅमचं सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) नळकांडं एक टायर भरतं, पण ते हाताला गोठवतं, म्हणून कापडाने धरा. तो वायू रबरातून लवकर झिरपतो, त्यामुळे घरी गेल्यावर काढून साधी हवा भरा. सोबत दोन ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि ॲलन की एवढं हवंच. ट्यूब दुसऱ्याकडून मिळते, पण तिच्या व्हॉल्व्हची लांबी तुमच्या रिमला पुरेलच असं नाही.

खाण्याचं थोडक्यात: दीड तासाच्या पुढची राइड असेल तर पहिल्या तासापासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. एक केळं साधारण २५ ग्रॅमचं, त्यावर राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. ओआरएसचं एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच घाला, पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं नको. मिसळ परतीचा चढ संपल्यावर खा, तर्री पोटात घेऊन चढ चढवत नाही.

हॉटेलपाशी सायकल टेकवताना चेनची बाजू बाहेर ठेवा, आणि दुसऱ्याची सायकल न विचारता हलवू नका. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट पहिल्या ग्रुप राइडला नकोत, साध्या पेडलवर या. मधूनच घरी वळणार असाल तर सर्वांत मागे असणाऱ्याला तसं सांगून वळा, कारण डोकी मोजून एक कमी भरला तर तो तुम्हाला शोधायला उलटा येतो.