पुण्याजवळ सूर्यास्त पाहून पौर्णिमेच्या चांदण्यात परतता येईल अशा पायवाटा कोणत्या?

आपण विचारले आहे की, पुण्यात नव्याने राहायला आल्यावर एखाद्या पौर्णिमेला दुपारी उशिरा निघून, डोंगरावरून सूर्यास्त पाहून चांदण्यात खाली उतरता येईल अशी जागा कोणती, आणि सिंहगडाखेरीज काही पर्याय आहे का. जागा सांगतेच, पण आधी दिवसाबद्दल बोलणे भाग आहे. अशा फेऱ्या फसलेल्या मी पाहिल्या, माझ्याही फसल्या, आणि बहुतेक वेळा चूक जागेची नसून तिथीची होती.

चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास क्षितिजावर येतो खरा, पण आपल्याकडच्या डोंगराळ मुलखात पूर्वेला एखादी धार आडवी असतेच, क्षितिजालगत धूर आणि धुरळा असतो, आणि पायवाटेवर कामाचा प्रकाश पडेल इतका वर यायला त्याला आणखी बराच वेळ लागतो. दुसरीकडे, पुण्याच्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर विसेक मिनिटांत पायाखालचे दगड नीट ओळखू येईनासे होतात. मधला तासभर काळोखाचा जातो आणि उतरायचे असते ते नेमके तेव्हाच. म्हणून मी पौर्णिमा सोडून आदल्या दिवशी, चतुर्दशीला जाते. त्या संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हा चंद्र पूर्वेला, हात लांब करून मूठ धरली तर साधारण त्या मुठीएवढा वर आलेला असतो आणि उजेडात फारसा खंड पडत नाही. गोलाईतला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो, पायांना तर मुळीच नाही.

यात पंचांगाची एक खोच आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या तारखेच्या चौकटीत पौर्णिमा छापलेली असते, त्या दिवशी सूर्योदयाला पौर्णिमा असते एवढेच पुष्कळदा खरे असते. तिथी सकाळी नऊ-दहाला संपत असेल तर त्या संध्याकाळी प्रतिपदा लागून गेलेली असते आणि चंद्र अंधार पडल्यावर उगवतो. कोजागरीला रात्री पौर्णिमा असलेला दिवस धरतात, त्यामुळे तिथे हा घोटाळा होत नाही. इतर महिन्यांत मात्र चौकटीतली बारीक अक्षरे, म्हणजे प्रारंभ आणि समाप्तीच्या वेळा, वाचल्याशिवाय दिवस ठरवू नये. त्याहून सोपे म्हणजे त्या तारखेची पुण्याची चंद्रोदयाची आणि सूर्यास्ताची वेळ शेजारी-शेजारी लिहून पाहावी. चंद्रोदय सूर्यास्ताच्या अर्धा ते एक तास आधी असेल तर तो दिवस आपला.

महिन्यांचे म्हणाल तर कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. कोजागरीला मसाला दूध घेऊन डोंगरावर जाण्याची हौस पुष्कळांना असते, पण आश्विनात गवत कमरेएवढे असते, वाटा बुजलेल्या असतात आणि परतीच्या पावसाचा ढग कधी येईल ते सांगता येत नाही. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हवा स्वच्छ होते. मार्गशीर्ष आणि पौषात तर चंद्र ईशान्येच्या बाजूने उगवून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दरीतसुद्धा चांदणे पोहोचते. जूनच्या आसपासचा पूर्ण चंद्र दक्षिणेकडून खालच्या कमानीने जातो आणि झाडांच्या व कड्यांच्या सावल्या रात्रभर लांबच राहतात. फाल्गुनापासून हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर इतका असतो की, सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच राखाडी पडद्यात विरून जातो. (चांदण्याचे सामर्थ्य किती, याचा अंदाज हवा असेल तर बुद्धपौर्णिमा आठवावी. वैशाखातल्या त्या रात्री वनखात्याचे लोक पाणवठ्यांवर मचाण बांधून, चंद्राच्या उजेडात येणारी जनावरे मोजतात.)

आता जागा. सुरुवात शहरातल्या वेताळ टेकडीवरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक जण तिला फिरायला जायची टेकडी म्हणून मोडीत काढतात, परंतु सूर्यास्त आणि चंद्रोदय एकाच ठिकाणी उभे राहून पाहायचे असतील तर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजू मोकळ्या असलेला माथा लागतो आणि तो या टेकडीला आहे. पश्चिमेला पाषाण तलावाच्या बाजूला सूर्य उतरतो, पूर्वेला शहराच्या इमारतींवर पिवळसर, किंचित चपटा दिसणारा चंद्र वर येतो, आणि ही दोन्ही दृश्ये पाहायला फक्त मान वळवावी लागते. वाट रुंद आणि मळलेली आहे. तरीही एकट्याने जाऊ नये, खाणीच्या काठाकडे अंधारात फिरकू नये आणि दिवेलागणीनंतर फार वेळ वर थांबू नये. शहरालगतच्या टेकड्यांवर लुटालुटीचे प्रकार घडलेले आहेत, त्यामुळे माणसांची वर्दळ असेपर्यंत खाली आलेले बरे.

सिंहगडाबद्दल आपल्याला पुष्कळ जणांनी सांगितलेच असेल, म्हणून सूर्यास्तापुरतेच लिहिते. पायथ्याच्या आतकरवाडीतून चढणारी वाट साधारण सहाशे मीटर उंची घेते आणि सवय असलेल्या माणसाला तास-सव्वा तासात वर पोहोचवते. वर गेल्यावर गर्दीतून बाजूला होऊन कल्याण दरवाजाकडे जावे. तिथून दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला राजगड व तोरणा हे दोन्ही गड ओळखू येतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दक्षिणेकडे जितका सरकायचा तितका सरकलेला असतो, तरी तो तोरण्याच्या माथ्यावर बुडत नाही. तोरण्यापासून साधारण मुठीच्या रुंदीइतका उजवीकडे उतरतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत पुढच्या डोंगररांगा एकामागून एक निळ्या पडत जातात आणि तोरण्याची कड सर्वांत शेवटी काळी होते. मात्र गडावर रात्री रेंगाळता येत नाही आणि घाटरस्त्यावरच्या वाहनांनाही वेळेचे बंधन आहे. वनखात्याच्या नाक्यावर त्या दिवसाच्या वेळा विचारूनच वर जावे. चतुर्दशीला आतकरवाडीच्या वाटेने उतरताना हिवाळ्यातला चंद्र उजव्या हाताला, पूर्व-ईशान्येकडे असतो आणि ही वाट गडाच्या उत्तर अंगावर असल्यामुळे तिच्यावर लवकर उजेड येतो. उन्हाळ्यात हाच उतार बराच वेळ अंधारा राहतो.

लोहगड आणि राजगड मी या कामासाठी मुद्दाम सुचवत नाही. लोहगडाच्या विंचूकाट्यावरून, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवरून, पवना धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त सुंदर दिसतो आणि राजगडाच्या संजीवनी माचीवर मावळतीला बसण्यासारखे सुख नाही, हे खरेच. परंतु हे दोन्ही गड जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत, संरक्षित स्मारकांना वेळा असतात, आणि त्या पाळायच्या तर सूर्यास्ताआधीच पायऱ्या उतरायला लागावे लागते. पवनेजवळच्याच तिकोना गडाच्या शेवटच्या पायऱ्या इतक्या उंच आणि खड्या आहेत की, चांदण्यात त्या उतरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

राहिली ती पुण्यातल्या पौर्णिमेच्या चालीची जुनी वाट, म्हणजे कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून डोंगराची धार पकडायची आणि एकामागून एक टेकड्या चढत-उतरत पश्चिमेला सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरायचे. टेकड्या किती, याचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. तेरा तरी आहेतच. उजवीकडे सबंध रात्र पुण्याचे दिवे, डावीकडे खेड शिवापूरच्या बाजूला महामार्गावरच्या गाड्यांची हलती रांग, आणि समोर सिंहगडावरच्या मनोऱ्याचे तांबडे दिवे, जे पहिल्या टेकडीवरून जवळ वाटतात आणि आठव्या टेकडीवरूनही तितकेच लांब दिसतात. वाटेत पाणी नाही. माणशी किमान चार लिटर घ्यावे.

या वाटेवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही मावळतीलाच निघालो आणि तिथेच चुकलो. चाल पश्चिमेकडे असल्यामुळे उगवता चंद्र पाठीशी असतो. टेकडी चढताना पूर्वेकडच्या अंगावर छान उजेड मिळतो, आपण फुशारतो, पण माथा ओलांडून पश्चिमेचा उतार लागला की मागची टेकडीच चंद्राला झाकते आणि घसाऱ्याची, मुरमाची तीव्र उतरण ऐन काळोखात करावी लागते. दुसऱ्याच उतरणीवर माझा पाय एका सुट्या दगडावरून सरकला आणि घोटा मुरगळला. मागे फिरायचे तर तोच उतार पुन्हा चढायचा होता, म्हणून ओढणी घट्ट बांधून अर्धा तास बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात चंद्र वर आला, चांदण्याची रेघ उतारावरून खाली सरकत माझ्या पायापाशी आली, आणि ज्या दगडाने पाडले तो मला स्वच्छ दिसला. नेहमी येणारी मंडळी घरून जेवून रात्री नऊ-दहाला का निघतात, ते मला तिथे उमगले.

त्यामुळे आता आमचा क्रम असा असतो. सूर्यास्त पहिल्या टेकडीवरून पाहायचा, तिथेच जेवणाचे डबे उघडायचे, गप्पा मारत चंद्राला दोन-अडीच तास द्यायचे आणि मगच पुढे निघायचे. चंद्र वर चढला तरी मध्यरात्रीपर्यंत आपलीच सावली पुढच्या पावलावर पडत राहते, म्हणून उतरताना अंग थोडे तिरपे ठेवावे. मध्यरात्रीनंतर चंद्र समोर येतो, दगडांच्या सावल्या आपल्याकडे लांबतात आणि उंचसखलपणा फार चांगला कळतो. सर्वांत भरभर चाल त्याच वेळी होते. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात, आणि एका उत्साही माणसाने चेहऱ्यावर पांढरा टॉर्च मारला की सगळ्यांची तेवढी मिनिटे वाया जातात. टॉर्च प्रत्येकाजवळ हवाच, पण तो फक्त अवघड उतरणीला, पायांजवळ धरून लावावा. गवतात फुरसे आणि घोणस या विषारी सापांचा वावर असतो. घोट्यावर येणारे बूट आणि हातात काठी असावी, आणि बसण्याआधी दगड काठीने ठोकून पाहावा. या भागात बिबट्याही आहे, म्हणून चार-सहा जणांनी बोलत, एकत्र चालावे आणि वाट माहीत असलेला एक जण बरोबर असावा. वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांच्याकडे चौकशी करावी.

पहिल्या वेळी सात ते नऊ तास धरावेत. शेवटची टेकडी उतरून डांबरी रस्त्याला लागाल तेव्हा पहाट व्हायची असते, बस नसते आणि पाय आणखी पाच-सहा किलोमीटर उतरायला राजी नसतात. परतीची गाडी कुठे आणि किती वाजता थांबेल ते आदल्या दिवशीच पक्के ठरवावे, कारण धारेवरच्या खळग्यांत मोबाइलला रेंज असतेच असे नाही.